पाच सूंची गाडी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात बस येत नाही, ती फाट्यावरून जाते. गाव ते फाटा अडीच किलोमीटर आणि फाटा ते कॉलेज एकतीस. साधी गाडी फाट्यावर थांबते. पण ती प्रत्येक वाडीवस्तीपाशी थांबत येते, त्यामुळे पहिला तास हमखास बुडतो. जलद गाडी वेळेवर पोहोचते, पण ती फाट्यावर थांबत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा हे गणित कसे सोडवावे, हे घरात कोणाला विचारण्याचीही सोय नव्हती.

गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी ब्लेझ पास्कलचे नाव घेतले. फळ्यावर जन्ममृत्यूची साले लिहिली, १६२३ आणि १६६२. मग खडू खाली ठेवताना सहज म्हणून सांगितले की, या तत्त्वज्ञाने मरण्याआधी पाच महिने पॅरिस शहरात सार्वजनिक गाड्यांची सेवा सुरू केली होती. वर्ग हसला. त्या दिवशीही मी अर्धा तास उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसलो होतो. मला हसू आले नाही. तासानंतर ग्रंथालयात गेलो आणि पास्कलचा माग काढू लागलो. त्यातून हा लेख झाला आहे.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों या गावी झाला. वडील एतिएन हे करविषयक न्यायालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांना गणिताचे वेड होते. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. थोरली बहीण जिल्बर्त, धाकटी जाक्लीन आणि मधला हा अशक्त मुलगा, अशा तीन लेकरांना घेऊन वडील १६३१ साली पॅरिसला आले. त्यांनी मुलाला कोणत्याही शाळेत घातले नाही, घरीच शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून भूमितीची पुस्तके मात्र कपाटात बंद करून ठेवली. मुलाने काय करावे? तो जमिनीवर कोळशाने आकृत्या काढीत बसे. रेषेला रेषा म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तिला तो काठी म्हणे आणि वर्तुळाला गोल. या काठ्या आणि गोल जुळवता जुळवता, बारा वर्षांचा असताना, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते इथपर्यंत तो आपला आपण पोहोचला. वडिलांनी ते पाहिले आणि कपाट उघडले. जिल्बर्तने पुढे भावाचे चरित्र लिहिले, त्यात ही हकीकत आहे. बहिणीच्या मायेने तीत थोडी भर घातली असेल असे मला वाटते. पण सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर लिहिलेला निबंध १६४० साली छापला गेला, यात मात्र मायेचा काही भाग नाही.

या घराने सरकारी अवकृपाही पाहिली. एतिएन पास्कल यांचे बरेचसे पैसे सरकारी रोख्यांत गुंतलेले होते. १६३८ साली सरकारने त्यांवरचे उत्पन्न रोखले, तेव्हा आरडाओरडा करणाऱ्यांत तेही होते. कार्डिनल रिशल्य यांचा अंमल होता. अटकेच्या भीतीने एतिएन पॅरिस सोडून लपून राहिले. पुढच्या वर्षी धाकट्या जाक्लीनने रिशल्यपुढे मुलांच्या एका नाटकात काम केले आणि नाटक संपल्यावर बापासाठी क्षमा मागितली. ती मिळाली. इतकेच नव्हे तर एतिएन यांना रूआं शहरी करवसुलीच्या कामावर नेमण्यात आले.

तिथे रात्र रात्र आकडेमोड चाले. फ्रान्सचे नाणे त्या वेळी मोठे अडचणीचे होते. बारा दनिएंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्हर. म्हणजे बेरजेत हातचा कधी बाराला द्यायचा, कधी विसाला, तर कधी दहाला. बापाची ही दमछाक पाहून ब्लेझने १६४२ साली बेरजेचे यंत्र करायला घेतले. दातेरी चाके एकमेकांत अडकवून हातचा आपोआप पुढच्या घरात जाईल अशी युक्ती त्याने बसवली. पन्नासहून अधिक नमुने करून मोडले. काही यंत्रांत सूंचे चाक मुद्दाम वीस घरांचे आहे. यंत्र चालले, पण महाग असल्याने फारसे खपले नाही. हे काम हाती घेतले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मीही एकोणीस वर्षांचा आहे आणि अजून पासाच्या अर्जावर कोणाचा शिक्का कुठे घ्यायचा एवढ्यातच माझी दमछाक होते. असो.

शास्त्रज्ञ पास्कल आपल्या विज्ञान शाखेच्या मित्रांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा तिथे मी थोडक्यातच आटोपतो. हवेला वजन आहे आणि उंचावर ते कमी होते, हे दाखवण्यासाठी त्याने जिल्बर्तच्या पतीला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम या डोंगरावर चढायला लावले. १९ सप्टेंबर १६४८ चा तो दिवस. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. आज दाबाच्या एककाला पास्कलचे नाव आहे ते यामुळे. पुढे १६५४ साली फर्मा या गणितज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. प्रश्न जुगाराचा होता. डाव अर्ध्यावर मोडला तर मांडलेले पैसे दोघांत कसे वाटावेत? दोघांनी मागे काय घडले हे न पाहता पुढे काय काय घडू शकले असते याची मोजणी केली, आणि संभाव्यतेचे गणित सुरू झाले.

त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक विलक्षण धार्मिक अनुभव आला. त्याने तो चर्मपत्रावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला आणि कोणालाही सांगितला नाही. तो मेल्यावर नोकराच्या हाताला अस्तर जाड लागले, तेव्हा ते बाहेर आले. धाकटी जाक्लीन आधीच पोर-रोयालच्या मठात जोगीण झाली होती. त्या मठाच्या लोकांवर चर्चचा आणि राजाचा रोष होता. त्यांची बाजू घेऊन पास्कलने १६५६-५७ या काळात टोपणनावाने अठरा पत्रे छापली. फ्रेंच गद्य कसे असावे याचा ती आजही नमुना समजली जातात. ४ ऑक्टोबर १६६१ रोजी जाक्लीन वारली. छत्तीस वर्षांचीच होती. पास्कल स्वतः तोवर इतका आजारी होता की लेखन, वाचन आणि माणसांची ये-जा सारेच त्याला जड जात होते.

आणि मला नवल वाटते ते इथे. बहीण जाऊन महिना होतो न होतो तोच, नोव्हेंबर १६६१ मध्ये, हा मरणाच्या वाटेवरचा माणूस घोडागाड्यांची कंपनी काढायला बसला. सोबत होते त्याचे जिवलग मित्र ड्यूक द रोआने आणि दरबारातले दोन मार्क्विस. पैसा आणि वशिला त्यांचा होता, कल्पना पास्कलची.

कल्पना समजण्यासाठी त्या वेळचे पॅरिस डोळ्यांसमोर आणले पाहिजे. अरुंद गल्ल्या, चिखल आणि कित्येक लाख वस्ती. सरदार-श्रीमंतांच्या स्वतःच्या बग्ग्या. त्याखालच्यांसाठी, साधारण १६४० पासून, फियाक्र नावाच्या भाड्याच्या गाड्या होत्या. फियाक्र तुम्हाला तुमच्या दारातून उचलून थेट हव्या त्या दारात सोडी. मध्ये कोणासाठी थांबायचे काम नाही. सोय उत्तमच, पण सगळे भाडे एकट्याने भरायचे. ज्याला ते परवडत नाही त्याने चिखल तुडवीत चालावे. दोन टोके होती. एकीकडे दारापासून दारापर्यंतचा सरळ प्रवास, दुसरीकडे पाय. मध्ये काहीच नव्हते.

पास्कलने ते मधले शोधले. गाडी तुमच्या दारात येणार नाही. तिचा मार्ग आधीच ठरलेला असेल आणि तो कोणासाठीही बदलणार नाही. त्या मार्गावर मात्र कोणीही कुठेही चढावे, कुठेही उतरावे. एका गाडीत आठ माणसे. प्रत्येकाने फक्त आपल्या जागेचे पाच सू द्यावेत. उरलेल्या सात जागा रिकाम्या गेल्या तरी त्याला त्याचे देणे नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम असा, की गाडी ठरल्या वेळी सुटेल, मग आत एक माणूस असो वा कोणीच नसो. या गाड्या साडेसात-साडेसात मिनिटांनी सोडण्याचे ठरले होते.

या शेवटच्या नियमापाशी मी बराच वेळ अडलो होतो. आमच्याकडच्या वडाप जीपवाल्याला विचारा, तो सांगेल की भरल्याशिवाय गाडी काढणे म्हणजे वेडेपणा. तो भरेपर्यंत थांबतो, मग फाट्याफाट्यावर आणखी भरतो. त्याचे चूक नाही, डिझेल त्याचे आहे. पण त्यामुळे सकाळी फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी केव्हा येईल हे कधीच कळत नाही. पास्कलने हिशेब उलटा धरला. रिकामी का होईना, गाडी वेळेवर जाते अशी एकदा खात्री पटली की लोक वाटेवर येऊन उभे राहतील, आणि मग ती रिकामी जाणार नाही. आजचे नुकसान सोसून उद्याच्या शक्यतेवर पैसे लावायचे. फर्माशी पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

थांबे किती असावेत, हा प्रश्न त्याच्या योजनेत वेगळ्या रूपाने येतो. कुठेही चढा म्हटले की प्रत्येकाच्या चढण्याने आतल्या सातांचा खोळंबा होतो. तेव्हा थांबणे होईल तितके छोटे करायचे, असा त्या नियमांचा रोख दिसतो. भाडे सर्वांना एकच, म्हणजे घासाघीस नको. लोकांसाठी लावलेल्या जाहिरातींत सोन्याचे नाणे मोडून मिळणार नाही अशी ताकीद होती, कारण त्यात वेळ जातो. सुट्टे पैसे द्या, ही आपल्या ओळखीची कटकट साडेतीनशे वर्षांहून जुनी निघाली! ती वाचली त्या दिवसापासून मी कंडक्टरवर चिडणे सोडले आहे.

राजा चौदावा लुई याने जानेवारी १६६२ मध्ये परवाना दिला. पण तो पॅरिसच्या पार्लमाँपुढे, म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयापुढे, नोंदवावा लागे. न्यायालयाने ७ फेब्रुवारीला तो नोंदवताना एक अट घातली. सैनिक, हुजरे, वर्दीतले नोकर आणि हातमजुरी करणारे यांना या गाड्यांत बसता येणार नाही. प्रतिष्ठित नागरिकांना मोकळेपणाने प्रवास करता यावा म्हणून. म्हणजे गाडी कुठे थांबावी हे पास्कलने ठरवले, पण ती कोणासाठी थांबावी हे दुसऱ्यांनी ठरवले. पाच सू ही रक्कमही मजुराच्या हातात सहज येणारी नव्हती, दिवसाच्या मजुरीचा तो बराच मोठा भाग होता. तरी परवडत नाही म्हणून न बसणे वेगळे आणि हात केला तरी गाडी थांबणार नाही असा कायदा असणे वेगळे.

पहिला मार्ग शनिवार, १८ मार्च १६६२ रोजी सकाळी सात वाजता सुरू झाला. बास्तीय किल्ल्याजवळच्या सँ-आंत्वान वेशीपासून नदी ओलांडून ल्युक्साँबूर राजवाड्यापर्यंत. एकूण सात गाड्या. चार या टोकाला उभ्या केल्या, तीन त्या टोकाला. झगे घातलेले सरकारी अधिकारी हजर होते, शिपाई होते. गाडीवानांना निळे अंगरखे देण्यात आले, त्यांवर राजाचे आणि शहराचे चिन्ह भरलेले होते. अधिकाऱ्याने योजना जाहीर केली, गाडीवानांना शिस्तीची ताकीद दिली आणि गाड्या सुटल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक जत्रेसारखे उभे होते. पहिल्याच सकाळी गाड्या भरल्या, कित्येक स्त्रियाही बसल्या.

हे सारे आपल्याला कळते ते जिल्बर्तने तीन दिवसांनी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रातून. त्या पत्रातील एक प्रसंग मला इतका आपला वाटला की मी तो दोनदा वाचला. ती सँ-मेरी चर्चच्या दाराशी गाडीची वाट पाहत उभी होती. भावाचे घर तिथून लांब, चालायचा कंटाळा. एक गाडी आली, भरलेली. दुसरी आली, तीही भरलेली. अशा एकामागून एक पाच गाड्या तिच्यासमोरून निघून गेल्या आणि एकीतही तिला जागा मिळाली नाही. ज्या माणसाने ही सेवा काढली त्याची सख्खी बहीण रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाड्यांची संख्या वाढवा म्हणून लोकांची ओरड पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू झाली होती.

त्याच पत्रात दुसरी एक गोष्ट आहे. सँ-दनी रस्त्यावरचे व्यापारी आपल्या रस्त्याला गाडी मिळावी म्हणून इतके मागे लागले होते की अर्ज करण्याची भाषा बोलत होते. कंपनीने आठवडाभरात त्यांना मार्ग देण्याची तयारीही केली. एवढ्यात राजवाड्यात राजाने सहज चौकशी केली की आमच्या बाजूचा मार्ग लवकर निघणार ना? झाले! व्यापाऱ्यांचा रस्ता मागे पडला आणि सँ-ओनोरे रस्त्याचा मार्ग पुढे आला; तो ११ एप्रिलला सुरूही झाला. राजाला त्या आठ जणांच्या गाडीत दाटीवाटीने बसायचे नव्हते, हे सांगायला नकोच. पण कोणाच्या दारावरून गाडी जावी हे त्याच्या एका वाक्याने ठरले. थांब्यासाठी सह्यांचे निवेदन घेऊन फिरलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. मी अशा एका निवेदनावर पहिली सही केली आहे, म्हणून ठाऊक.

२२ मे रोजी तिसरा मार्ग निघाला आणि २४ जूनला चौथा. हा चौथा मार्ग सर्वांहून वेगळा होता, कारण त्याला टोकच नव्हते. तो शहराला वळसा घालून पुन्हा मूळ जागी येई. आता पाच सूंत एखाद्याने दिवसभर चक्कर मारीत बसायचे म्हटले तर? म्हणून त्या वर्तुळाचे सहा भाग पाडले आणि ठरावीक अंतरापलीकडे गेल्यास पुन्हा पाच सू घ्यायचे ठरले. आपल्याकडे टप्पा म्हणतात तोच हा प्रकार. पाचवा मार्ग ५ जुलैला सुरू झाला. एका मार्गावरून दुसऱ्यावर जायचे तर उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे आणि नवे पाच सू द्यायचे. सगळ्यांना सगळीकडे थेट नेता येत नाही, पण चार-पाच सरळ वाटा एकमेकींना छेदतील अशा आखल्या तर बहुतेकांना बहुतेक ठिकाणी जाता येते. कोळशाने काठ्या आणि गोल काढणाऱ्या मुलाने शहराच्या जमिनीवर पुन्हा तेच केले, असे मला हे मार्ग वाचताना वाटत राहिले.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी मला जिल्ह्याच्या गावी अकराच्या आत पोहोचायचे होते. पहाटे उठून उलटे सहा किलोमीटर चालत मोठ्या गावी गेलो आणि जलद गाडी पकडली. गाडी आमच्या फाट्याजवळ आली तेव्हा पावसात एक बाई हात करीत उभी होती, कडेवर मूल होते. ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही, नियमाने ती थांबायचीही नव्हती. मला बरे वाटले. पाच मिनिटे वाचली असे मनात आले. मग काचेतून पाहिले तर ती आमच्याच आळीतली काकू. एरवी त्याच फाट्यावर त्याच गाडीच्या नावाने मी खडे फोडीत असे, आणि आत जागा मिळताच माझे मत बदलले. गाडी थांबवा असे माझ्या तोंडून निघाले नाही. कागद वेळेवर पोहोचले. काकूला मी अजून काही बोललेलो नाही.

पास्कल आत बसलेल्यांतला होता. घर ल्युक्साँबूरच्या जवळ, मित्र ड्यूक, परवान्यावर राजाची मोहोर. पण त्याचे लक्ष रस्त्याच्या कडेला होते, असे त्या वर्षातल्या दोन प्रसंगांवरून दिसते. त्या हिवाळ्यात ब्ल्वा भागात दुष्काळ पडून लोक उपासमारीने मरत होते. गाड्यांचा व्यवहार ठरताच पास्कलने आपल्या हिश्श्यावर एक हजार फ्रँक उचल मागितली, ती तिकडच्या गरिबांना पाठवण्यासाठी. जिल्बर्त म्हणाली, हा व्यवहार अजून पुरेसा पक्का नाही, पुढल्या वर्षी बघू. व्यवहाराला धरूनच बोलली ती. पास्कलचे म्हणणे होते की तोटा झाला तर मी माझ्या मालमत्तेतून भरून देईन, पण भूक पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही. उचल मिळाली नाही.

दुसरा प्रसंग जूनअखेरचा. त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. जिल्बर्त रोज भावाच्या शुश्रूषेला येई आणि तिला स्वतःची मुले होती. त्यांना संसर्ग होण्याची भीती. आता एकाला घर सोडणे भाग होते. कोणीही म्हणेल की त्या पाहुण्या कुटुंबाची दुसरीकडे सोय करावी. पास्कल म्हणाला की मुलाला हलवण्यात धोका जास्त आहे, मला हलवण्यात कमी. आणि स्वतःच्या घरातून हा मरणोन्मुख माणूस उठून २९ जूनला बहिणीच्या घरी राहायला गेला. तो परत आला नाही. चौथा मार्ग सुरू होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते, आणि पाचवा सुरू झाला तेव्हा तो अंथरुणावर होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने मृत्युपत्र केले. त्यात गाड्यांच्या हक्कातला वाटा पॅरिस आणि क्लेर्मों इथल्या गरिबांच्या आश्रयगृहांसाठी ठेवला. १९ ऑगस्ट १६६२ रोजी तो वारला. वय एकोणचाळीस. सँ-एतिएन-द्यु-माँ या चर्चमध्ये त्याला पुरले. त्याच्या कागदांच्या चिठ्ठ्या गोळा करून १६७० साली मित्रांनी त्याचे चिंतनाचे पुस्तक काढले आणि आपल्या अभ्यासक्रमात तो आहे तो त्या पुस्तकामुळे. गाड्यांचा उल्लेख नोट्समध्ये नाही.

गाड्यांचे पुढे काय झाले? पहिल्या वर्षी त्यांचे इतके कौतुक होते की त्यांच्यावर एक विनोदी नाटकही रंगभूमीवर आले. पण ज्यांना बसायला बंदी होती त्यांच्याकडून हुर्यो आणि दगड येऊ लागले, आणि गाड्यांना त्रास देणाऱ्यांना शिक्षेची धमकी देणारे हुकूम काढावे लागले. पुढे भाडे पाचाचे सहा सू केले. नवलाई ओसरल्यावर श्रीमंतांना अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसणे नको झाले, आणि ज्यांना ते चालले असते त्यांना दार बंद होते. सतरावे शतक संपण्याआधीच गाड्या बंद पडल्या. त्यानंतर दीडशेच्या आसपास वर्षे पॅरिसमध्ये पुन्हा एकदा दोनच गोष्टी उरल्या, फियाक्र आणि पाय.

मग १८२६ साली नाँत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने गरम पाण्याची स्नानगृहे काढली. ती गावाबाहेर होती, म्हणून गिऱ्हाईक आणण्यासाठी त्याने गावातून थेट स्नानगृहापर्यंत गाडी ठेवली. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की गाडी भरून निघते, पण स्नानगृहापाशी कमीच लोक उतरतात. बाकीचे मध्येच कुठेतरी उतरून आपापल्या कामाला जात होते. त्याने स्नानगृहांचा नाद सोडला आणि गाड्यांचाच धंदा धरला. त्या गाड्यांना ऑम्निबस हे नाव पडले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सर्वांसाठी. आपण बस म्हणतो ती त्याच शब्दाची शेपटी. १८२८ साली बोद्रीच्या गाड्या पॅरिसमध्ये आल्या. हुजऱ्यांना, मजुरांना बंदी नव्हती. भाडे पंचवीस सेंटिम होते. नाणी केव्हाच बदलली होती, पण पॅरिसचे लोक पंचवीस सेंटिमना अजूनही पाच सूच म्हणत.